शकुंतलेच्या रुळांवर आधुनिक ट्राम चालेल का?

नाही चालणार. शकुंतला म्हणजे आपली यवतमाळ–मूर्तिजापूरची रेल्वे. तिचा रूळ नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. आधुनिक ट्राम बहुतेक १४३५वर धावते. पण गेज तर बदलताही येईल. खरी अडचण माणसांची आहे. ट्रामला दर चार-पाचशे मीटरवर थांबा लागतो आणि प्रत्येक थांब्यावर दिवसभर चढणारी-उतरणारी गर्दी. आपल्याकडे एका गावाहून दुसऱ्या गावापर्यंत नुसतं कपाशी-तुरीचं रान. विजेच्या तारा अन् सबस्टेशनचा खर्च कोणाच्या तिकिटातून काढायचा? मुंबईनेसुद्धा १९६४ मध्ये ट्राम बंद केली (माझ्या मते घाईच केली). नागपुरात वर्धा रोडला शोभली असती, पण तिथं आता मेट्रो आहे. शकुंतलेला ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करा, डेमू (डिझेलवरची लोकल गाडी) सोडा. दारव्हा-कारंज्याच्या लोकांना तेवढंच पाहिजे.