माझ्या एकटीच्या सहीवर

तुम्ही विचारलंय, घरात आधी कुणी धंदा केलेला नाही, परदेशात आलेली पहिलीच पिढी, आणि इथल्या भाषेत 'वुमन ऑफ कलर'. अशा बाईसाठी आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय, आणि त्याला किती डॉलर लागतात? तुमचं एच-४ वरचं, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावरचं, वर्क परमिट नुकतंच आलंय आणि घरचे म्हणतायत, "तुला काय कमी आहे?" हेही तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसले.

मी न्यू जर्सीत, एडिसनजवळ, मराठी जेवणाचं केटरिंग करते. २०१६ पासून. माहेर सांगलीचं. वडील एसटीत कारकून, आजोबा शाळामास्तर. आमच्याकडे पगाराची तारीख सगळ्यांना पाठ असायची, धंद्याचं नाव काढलं की "ते आपलं काम नव्हे" एवढंच उत्तर मिळायचं.

माझी व्याख्या आधी सांगते. ज्या कागदावर माझी एकटीची सही पुरते, आणि सही करण्याआधी त्यातला प्रत्येक आकडा मला कळलेला असतो, तेवढ्यापुरती मी स्वतंत्र. बाकी अजून व्हायचं आहे.

मी २००९ साली एच-४ वर आले. काम करायची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. टॅक्सपुरता आयटिन, म्हणजे फक्त कर भरण्यासाठीचा नंबर. क्रेडिट कार्डावर माझं नाव होतं, पण ते नवऱ्याच्या खात्यावरचं जादा कार्ड. दर एप्रिलला जॉइंट रिटर्न, म्हणजे नवरा-बायकोचं एकत्र टॅक्सचं विवरण, भरायचं असायचं. नवरा म्हणायचा, "इथे सही कर," आणि मी करायचे. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, माझ्याही नव्हतं. सहा वर्षं मी एकही पान वाचलं नाही. जॉइंट रिटर्नवर सही केली की त्यातल्या संपूर्ण कराला दोघंही जबाबदार असतात, चूक कुणाचीही असो, हे मला फार नंतर कळलं. आमच्या रिटर्नमध्ये चूक नव्हती. पण असती तरी मला कळलं नसतं, आणि जबाबदारी मात्र माझ्यावरही आली असती.

२६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना काम करायची मुभा मिळाली. नवऱ्याची ग्रीन कार्डाची पायरी पुढे गेलेली असल्यामुळे मी त्यात बसले. पुढच्या वर्षी दोन डबे आणि एका बारशाच्या ऑर्डरवर सुरुवात केली.

त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. दोन दिवसांनी आईचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "अगं, माझ्याकडे सतरा हजार आहेत. सगळ्या पाचशेच्या. तुझ्या बाबांना कसं सांगू?" भाजीतून, भिशीतून, भाऊबीजेच्या ओवाळणीतून बाजूला काढलेले पैसे. तीस वर्षं तिला वाटत होतं की ते तिचे आहेत. पण बँकेत खातं एकच, तेही बाबांबरोबर जॉइंट. नोटा भरायच्या तर बाबांना सांगावंच लागणार होतं. बाबा रागावले नाहीत, उलट कौतुकानं हसले. आईला ते हसणं फार लागलं. मलाही लागलं, आठ हजार मैलांवर असून. पुढच्या वर्षी मी सांगलीला गेले तेव्हा पहिलं काम म्हणजे तिच्या एकटीच्या नावावर खातं उघडलं. लपवलेला पैसा संकटात आधार देतो हे खरं आहे, आणि आपल्या आया-आज्यांनी त्यावर संसार तारलेत. पण तो कुणाच्या नावावर नसतो, त्यामुळे सरकारनं एक रात्र ठरवली की उघडा पडतो.

माझ्याही धंद्यात हाच गोंधळ होता. तीन वर्षं मी धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एकाच खात्यात ठेवले. वाटायचं, आपलेच तर आहेत. २०१९ मध्ये एकदा नीट हिशेब मांडला. शंभर पुरणपोळ्या, अडीच डॉलरला एक, म्हणजे अडीचशे डॉलर. भाड्याचं किचन तासाला पंचवीस, सहा तासांचे दीडशे. चणाडाळ, गूळ, कणीक, तूप, डबे मिळून पन्नास. उरले पन्नास डॉलर, सहा तासांच्या उभ्या कामाचे. तासाला आठ डॉलरच्या आसपास. त्या वर्षी जुलैत न्यू जर्सीचं किमान वेतन १० डॉलर झालं होतं. दुसऱ्या कुणी मला त्या पगारावर ठेवलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. मी स्वतःला ठेवलं होतं, आणि त्याला 'आवड' म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी भाव वाढवला. लोक नाराज झाले. "आपलीच माणसं आहोत, घरच्यासारखं करा ना," हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, आणि ते म्हणणारी माणसं वाईट नसतात. पण तीच माणसं हॉलवाल्याशी आणि डीजेशी भाव करत नाहीत. स्वयंपाक हे बाईचं काम, ते ती घरी फुकट करते, म्हणून त्याची किंमत सामानाएवढीच, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. माझ्याही होतं. पहिल्यांदा एका मोठ्या ऑर्डरला "या भावात मला जमणार नाही" म्हटलं तेव्हा फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. त्या महिन्याचा किचनचा खर्च आधीच बाजूला काढलेला होता, म्हणून तेवढं तरी म्हणू शकले. नाही म्हणायचं धैर्य स्वभावातून येतं असं मी पूर्वी समजत असे. माझ्या बाबतीत ते खात्यातल्या शिलकीतून आलं.

आता कागदावरच्या उत्पन्नाबद्दल, कारण इथे आपल्या बायका सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. रोख घ्यायचं, कुठे दाखवायचं नाही, तेवढाच टॅक्स वाचला. स्वतःच्या धंद्यात सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा) यांचे मिळून १५.३ टक्के भरावे लागतात, ते जिवावर येतं हे मला मान्य आहे. पण म्हातारपणी स्वतःच्या नावावर सोशल सिक्युरिटी मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे दाखवलेल्या कमाईवर मिळणारे गुण, लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. म्हणजे कमीत कमी दहा वर्षं. २०२५ मध्ये चारही क्रेडिटसाठी ७,२४० डॉलर कमाई दाखवलेली पुरत होती. घरगुती डब्यांच्या धंद्यातही एवढं होतं. न दाखवलेल्या दहा वर्षांनंतर तुमच्या नावावर काहीच नसतं, नवऱ्याच्या नोंदीवरचा हिस्सा तेवढा उरतो.

मार्च २०२० मध्ये माझ्या सगळ्या ऑर्डरी एका आठवड्यात रद्द झाल्या. मुंजी, डोहाळजेवणं, मंडळाचा पाडवा, सगळं. तेव्हा सरकारचं पीपीपी कर्ज, म्हणजे कोविडमध्ये धंद्यांना दिलेलं मदतीचं कर्ज, एकट्यानं धंदा करणाऱ्यांनाही मिळत होतं, आदल्या वर्षीच्या शेड्यूल सी (रिटर्नमधला धंद्याच्या नफ्या-तोट्याचा फॉर्म) वरच्या नफ्याच्या हिशेबानं, अडीच महिन्यांचं. माझा दाखवलेला नफा ३१,००० होता, म्हणून साधारण साडेसहा हजार डॉलर मिळाले आणि पुढे ते माफही झाले. माझ्याहून छान करंज्या करणारी, माझ्याहून जास्त कमावणारी एक मैत्रीण होती. तिच्या धंद्याचा कागदच नव्हता. तिला काही मिळालं नाही, आणि त्यानंतर तिनं सोडूनच दिलं.

२०२१ मध्ये वेगळंच झालं. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज रांगेत अडकला आणि जुन्या कार्डाची तारीख उलटली. चार महिने मालकी माझी, पण काम करायची मला परवानगी नाही. किचनचं भाडं सुरूच. साठवलेल्या पैशावर ते चार महिने काढले. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमवा आणि दरवर्षी चार टक्के काढा, हे आर्थिक स्वातंत्र्याचं सूत्र तुम्ही वाचलं असेल. गणित म्हणून ते ठीक आहे. पण त्यात गृहीत धरलेला माणूस नागरिक असतो, त्याच्या आईवडिलांना पैसे पाठवावे लागत नाहीत, आणि त्याची कमाई दुसऱ्याच्या व्हिसाला टांगलेली नसते. तुमचा पहिला आकडा व्हिसाच्या हिशेबानं काढा. कार्डावरची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

'वुमन ऑफ कलर' या शब्दाबद्दल. फॉर्मवर मी 'एशियन' चौकटीत खूण करते, तेव्हा त्या शब्दाखाली येते. पण हा शब्द आणि त्यामागचे हक्क आपण कमावलेले नाहीत. रिचमंड, व्हर्जिनियात मॅगी लीना वॉकर यांनी १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली. त्यांची आई गुलामीत राहिलेली होती, नंतर लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. धुणीभांडी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची चिल्लर जमा करणारी ती बँक होती. आणि गोऱ्या बायकांचं आर्थिक स्वातंत्र्यही फार जुनं नाही. धंद्याच्या कर्जाला पुरुष नातेवाइकाची सही मागणारे कायदे इथल्या काही राज्यांत १९८८ पर्यंत होते, त्या वर्षीच्या कायद्यानं ते गेले. माझा जन्म त्याच्या आधीचा आहे.

कायदा गेला तरी सवय राहते. २०१८ मध्ये ओव्हन आणि फ्रीजसाठी कर्ज विचारायला गेले, तर समोरच्या माणसानं कागद बघायच्या आधी विचारलं, "मिस्टर कधी येऊ शकतील?" मी मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेले. अर्जदार स्वतःच्या बळावर पात्र असेल तर जोडीदाराची सही मागता येत नाही, असा नियम १९७० च्या दशकापासून आहे. मी पात्र होते की नाही हे त्यानं तपासलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. तुम्ही विचारा.

याची दुसरी बाजू सांगायला मला संकोच वाटतो, तरी सांगते. बायकांच्या मालकीच्या धंद्यांना इथे जी प्रमाणपत्रं मिळतात, त्यांना किमान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष ताबा बाईकडे लागतो. आपल्याच लोकांत काही घरी बायकोचं नाव ५१ टक्क्यांना लावतात आणि धंदा नवरा चालवतो. मला हे खोटेपणापेक्षाही क्रूर वाटतं. तिची सही आहे, देणी तिच्या नावावर आहेत, आणि खात्यात किती आहे हे तिला माहीत नाही.

अशा वेळी मला सातारा जिल्ह्यातलं म्हसवड आठवतं. माणदेशातल्या बायकांनी सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. त्या बायका लिहावाचायला शिकल्या आणि परत गेल्या. सह्या तर केल्याच, वर म्हणाल्या, आम्हाला व्याजाचं गणित घाला, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय घाला, बघू कोण आधी करतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. सांगलीपासून फार लांब नाही ते. पण मी हे ऐकलं न्यू जर्सीत, चाळिशीला आल्यावर.

२०२२ च्या शेवटी आमचं ग्रीन कार्ड आलं. पुढच्या एप्रिलमध्ये व्हॅनसाठी अठरा हजारांचं कर्ज घेतलं, माझ्या क्रेडिटवर, माझ्या सहीवर. त्या दिवाळीच्या तोंडावर, फराळाच्या ऐन गर्दीत, पहाटे फोन आला: आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तासाभरात तिकीट काढलं. कुणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. पगारावर ठेवलेल्या दोघींनी तीन आठवडे किचन चालवलं. चकलीची भाजणी एकदा बिघडली, बाकी सगळं वेळेवर गेलं.

हॉस्पिटलचं बिल भरायला मी कार्ड काढलं, तर आई पलंगावरून म्हणाली, "थांब. निम्मे माझ्या खात्यातून. चेकबुक कपाटात आहे, यांना आणायला सांग." बाबांनी आणलं. तिनं उशी टेकवून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. बाबा या वेळी हसले नाहीत.

आता तुमचा आकडा. माझा आजचा असा आहे: घराचा नऊ महिन्यांचा खर्च, किचनचा तीन महिन्यांचा, आणि भारताची दोन ऐनवेळची तिकिटं, हे सगळं माझ्या एकटीच्या नावावर, हात लावता येईल अशा खात्यात. त्याखेरीज नफ्यातला दहावा भाग सेप आयआरए या निवृत्तीच्या खात्यात जातो. ते खातं मी उशिरा उघडलं, त्यामुळे निवृत्तीची रक्कम अजून तोकडी आहे. आरोग्यविमा अजून नवऱ्याच्या नोकरीतून येतो, तिथे मी स्वतंत्र नाही, आणि ते मी वहीत तसंच लिहून ठेवलंय. आईच्या खात्यात तिच्या आजारपणानंतर माझं नाव जोडलं. अमेरिकेबाहेरच्या अशा सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा सरकारी फॉर्म, भरावा लागतो, पैसे आईचे असले आणि माझी फक्त सही चालत असली तरी. हे तुमच्या माहेरच्या खात्यांनाही लागू होतं.

या आठवड्यात एवढं करा. घरातलं मागच्या वर्षीचं रिटर्न मागून घ्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. जिथे कळणार नाही तिथे पेन्सिलनं खूण करा. मला पहिल्यांदा एकोणीस खुणा कराव्या लागल्या होत्या. तुमच्या किती झाल्या ते इथे लिहा, त्यातल्या मला समजतात तेवढ्यांची उत्तरं मी देईन.