लंडनमधल्या फ्लॅटच्या लीजची साधारण ८२ वर्षं उरली आहेत. आत्ताच वाढवून घ्यावी, की नव्या कायद्यासाठी थांबावं?

माझं मत विचाराल तर थांबू नका. ८० वर्षांची रेघ ओलांडायच्या आत लीज वाढवून मागणारी नोटीस बजावा.

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट वेम्बलीला आहे, फ्रीहोल्डरचं (म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचं, ज्याच्याकडून आपला फ्लॅट ठरावीक वर्षांच्या लीजवर असतो) 'लीज १२५ वर्षांची करून देतो' असं पत्र आलंय, आणि ओळखीतले म्हणतायत की कायदा बदलतोय, तोवर गप्प बसा. मी हॅरोला राहते. आम्हीही असेच गप्प बसलो होतो आणि त्याचे पैसे मोजलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नातला 'साधारण' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकला. आधी लीजचा कागद काढा. सही कधी झाली ते बघू नका, मुदत कधीपासून मोजायची ते बघा. ती तारीख बऱ्याचदा २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबर असते. इंग्लंडात पूर्वापार तिमाही भाडं भरायचे हे दिवस. आमची लीज ९९ वर्षांची, सही जून १९९९ची, आणि आम्ही तीच तारीख डोक्यात धरून होतो. तिसऱ्या पानावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, मुदत २९ सप्टेंबर १९९८ पासून. म्हणजे ८० वर्षांची रेघ सप्टेंबर २०१७मध्येच मागे पडली होती. आमची नोटीस गेली मार्च २०१८मध्ये. त्याआधीचे आठ महिने फ्रीहोल्डरच्या एजंटशी 'कागद पाठवतो, कागद पाठवतो' या पत्रव्यवहारात गेले. त्या पत्रांना कायद्याने काडीचीही किंमत नव्हती.

८०चं एवढं काय, तर मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढली की फ्लॅटची किंमत वाढते. ८० किंवा त्याहून कमी वर्षं उरली असतील तर त्या वाढीतला अर्धा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. ८०च्या वर असाल तर काहीच नाही. धरा, लांब लीज असलेला फ्लॅट ३ लाख पौंडांचा आहे आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमीनभाडं, वर्षाला २०० पौंड. ८१ वर्षं उरली असताना, मुदत संपल्यावर फ्लॅट परत मिळण्याच्या फ्रीहोल्डरच्या हक्काची आजची किंमत, नेहमीच्या ५ टक्के दराने, सुमारे ५,७५० पौंड. बुडणाऱ्या ग्राउंड रेंटचे, ७ टक्के धरले तर, २,८५० च्या आसपास. म्हणजे लीज वाढवायला फ्रीहोल्डरला एकूण साधारण ८,६०० द्यायचे. आता तोच फ्लॅट ७९ वर्षांवर आला आणि जुन्या लीजसकट त्याची किंमत २ लाख ८५ हजार धरली, तर मॅरेज व्हॅल्यूचा वाटाच जवळपास २,९०० पौंड, आणि एकूण आकडा १२ हजारांच्या वर. दोन वर्षांत हा फरक! प्रत्यक्षात व्हॅल्युअर, म्हणजे किंमत काढणारे तज्ज्ञ, दोन्ही बाजूंनी भांडतात, त्यामुळे आकडे हलतात, पण दिशा हीच.

आता नवा कायदा. २०२४च्या लीजहोल्ड सुधारणा कायद्यात ९० ऐवजी ९९० वर्षांची वाढ आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द, अशा दोन्ही गोष्टी आहेत. मी हे लिहीत असताना त्या लागू झालेल्या नाहीत. फ्लॅट दोन वर्षं नावावर असल्याशिवाय नोटीस देता येत नाही, ही अट तेवढी ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. पण विचार करा, तुमची मॅरेज व्हॅल्यू आज तशीही शून्यच आहे. जी रक्कम तुम्ही देणारच नाही, ती माफ होण्याची वाट कशाला बघायची? ७० वर्षं उरलेल्या माणसाला मी कदाचित थांबा म्हणेन. तुम्हाला नाही.

फ्रीहोल्डरच्या पत्राला हुरळू नका. १२५ वर्षं ऐकायला बरी वाटतात, पण तुमच्या ८२ वर्षांत ती फक्त ४३ची भर आहे. १९९३च्या कायद्याने हक्काने मागितलं तर उरलेल्या मुदतीवर ९० वर्षं मिळतात, म्हणजे १७२, आणि ग्राउंड रेंट लगेच शून्य. आपसातल्या व्यवहारात जुन्या मुदतीपुरता ग्राउंड रेंट चालू ठेवता येतो, तो मसुद्यात नीट बघा.

हक्काचा रस्ता म्हणजे याच कायद्यातल्या सेक्शन ४२ची नोटीस. याच कामाचा अनुभव असलेले सॉलिसिटर आणि व्हॅल्युअर घ्या. घरखरेदीच्या वेळचे सॉलिसिटर पुरतीलच असं नाही, कारण नोटिशीतली चूक महागात पडते. नोटीस बजावली त्या दिवशीचीच मुदत हिशोबाला धरली जाते. तो दिवस ८०च्या वर असला की पुढे वाटाघाटी वर्षभर रेंगाळल्या तरी मॅरेज व्हॅल्यू लागत नाही. फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. तो तुमच्या प्रस्तावाच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यातली मोठी रक्कम अनामत मागू शकतो. आम्ही ९,००० देऊ केले होते, म्हणून ९०० भरले. त्यांच्याकडून १७,५०० ची मागणी आली, आणि १२,४०० वर मिटलं. नाही मिटलं तर उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायचा. ही मुदत चुकली तर नोटीस बाद, आणि पुन्हा बारा महिने थांबा. त्यांच्या वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही सध्या आपल्याच खिशातून जातो, तोही बाजूला काढून ठेवा.

मध्येच फ्लॅट विकायचा झाला तर नोटिशीचा हक्क लीजबरोबरच खरेदीदाराच्या नावे करता येतो, त्यामुळे ती वाया जात नाही.

सरकारी पैशावर चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस मोफत सल्ला देते, सॉलिसिटर गाठायच्या आधी त्यांच्याशी बोला. लीजचा कागद घरात सापडत नसेल तर लँड रजिस्ट्रीकडून थोडं शुल्क भरून प्रत मिळते. मुदत सुरू होण्याची तारीख मिळाली की इथेच खाली लिहा, तुमची ८० वर्षांची रेघ नेमकी कोणत्या दिवशी येते ते मी मोजून सांगते.