'मीन्स-टेस्टेड'ला मराठीत काय म्हणावं?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "इथल्या मराठी ज्येष्ठांसाठी 'विंटर फ्युएल पेमेंट'ची, म्हणजे हिवाळ्यात घर तापवायला सरकारकडून मिळणाऱ्या पैशांची, माहिती देणारं पत्रक लिहितोय. 'मीन्स-टेस्टेड'ला 'साधन-परीक्षित' चालेल का? आणि सगळ्यांना मिळणाऱ्या मदतीला 'सरसकट' लिहिलं, तर एका काकांनी हरकत घेतली. ती बरोबर आहे का?"

'साधन-परीक्षित' नको. वाचणाऱ्या आजीला वाटेल, घरातला बॉयलर तपासायला कुणीतरी येणार आहे. 'मीन्स' म्हणजे इथे माणसाची ऐपत. ऐपत बघून मदत द्यायची की नाही ते ठरवण्याला मराठीत सुटसुटीत नाम नसेल, पण बोलण्यातला प्रयोग पक्का आहे: 'उत्पन्नाची अट'. शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट असते, श्रावणबाळ योजनेला असते, लाडक्या बहिणीलाही अडीच लाखांची आहे. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढलेल्या कुणालाही हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

तरी तो डोळे मिटून सगळीकडे वापरू नका. तुमच्या विषयात या एकाच इंग्रजी शब्दाखाली तीन वेगवेगळे व्यवहार दडले आहेत.

विंटर फ्युएल पेमेंट हा भत्ता १९९७ साली अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी सुरू केला. (हो, 'भत्ता'च म्हणा. 'अनुदान' किंवा 'सबसिडी' म्हटलं की गॅसच्या बिलात सूट मिळते असं वाटतं. हे पैसे थेट खात्यात येतात. त्यांतून घर तापवलं की नातवाला बूट घेतले, हे कुणी विचारत नाही.) पुढे तो घरटी २०० पौंड झाला, ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर ३००. लॉर्ड असो की निवृत्त बसचालक, वय झालं की मिळायचा.

जुलै २०२४मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तो पेन्शन क्रेडिटसारखी गरिबांसाठीची मदत आधीपासून घेणाऱ्यांपुरताच ठेवला. एक कोटीहून जास्त लोकांना मिळणारा भत्ता साधारण पंधरा लाखांवर आला. बातम्यांत याला 'मीन्स-टेस्टिंग' म्हटलं गेलं, पण नीट पाहिलं तर भत्त्याला स्वतःची उत्पन्नाची अट लागलीच नव्हती. अट होती पेन्शन क्रेडिटला; भत्ता तिच्या मागून चालत होता. आपल्याकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की लाडकी बहीण योजनेत वेगळा दाखला मागत नाहीत, तसलाच हा मामला. त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं झालं तर 'पेन्शन क्रेडिट असेल तरच' एवढं सरळ लिहावं.

पेन्शन क्रेडिटला मात्र 'उत्पन्नाची अट' तोकडी पडते. तिथे दर आठवड्याची मिळकत तर बघतातच, शिवाय दहा हजार पौंडांवरच्या शिलकीतल्या प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड मिळकत आहे असं धरतात. राहतं घर मोजत नाहीत, बँकेतली पुंजी मोजतात. म्हणजे उत्पन्नाच्या पलीकडे जाऊन ऐपतच बघितली जाते. इथे 'मिळकत आणि शिल्लक दोन्ही बघून' असं लिहा. लांब झालं तरी चालेल; अर्ज करणाऱ्याला ठेवींचे कागद हाताशी ठेवायचे हे आधी कळेल.

तिसरा व्यवहार जून २०२५नंतरचा. ओरड इतकी झाली की सरकारला माघार घ्यावी लागली. आता इंग्लंड-वेल्समध्ये भत्ता पुन्हा जवळपास सगळ्यांच्या खात्यात जमा होतो आणि ज्याचं करपात्र उत्पन्न वर्षाला ३५ हजार पौंडांच्या वर आहे त्याच्याकडून करखातं तो परत वसूल करतं. इथे 'उत्पन्नाची अट' शब्दशः लागू पडते, पण क्रम उलटा आहे. आपल्या कानाला 'अट' म्हणजे आधी पुरावा, मग पैसे. इथे आधी पैसे, मग वसुली. त्यामुळे पत्रकात 'अट' हा शब्द एकटा सोडू नका. पुढे 'जास्त उत्पन्न असल्यास रक्कम करातून परत घेतली जाईल' हे यायलाच हवं. नाहीतर कुणी साधे आजोबा 'अट म्हणजे अर्ज असणार' म्हणून फॉर्म शोधत बसतील. (स्कॉटलंडमध्ये या मदतीचं नावही वेगळं आहे, तिथल्या वाचकांना तेवढं सांगून ठेवा.)

क्रमाचा एवढा बाऊ करतो आहे त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये 'मीन्स टेस्ट' या शब्दाला १९३१ पासूनचा वास आहे. मंदीत बेकार झालेल्याचा भत्ता ठरवायला अधिकारी घरी येत, घरातल्या प्रत्येकाची कमाई मांडत. मुलगा चार पैसे कमवू लागला की बापाचा भत्ता कापला जाई. हा सल आपल्या 'उत्पन्नाची अट'मध्ये नाही, ती कोरडी सरकारी भाषा आहे. तो सापडतो 'पडताळणी' आणि 'अपात्र' या शब्दांत. म्हणून १९३१बद्दल लिहिताना मी 'घरझडती' वापरीन, पत्रकात मात्र मुळीच नाही.

आता 'सरसकट'. तुमच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. 'सरसकट विधानं करू नका' म्हणतो तेव्हा हा शब्द निंदेचा असतो, विचार न करता सगळ्यांना एकाच मापाने मोजणं. पण २०१७च्या शेतकरी संपात 'सरसकट कर्जमाफी' ही मागणी होती, अटी-शर्तींचा घोळ नको असं ठासून सांगणारी. बोलणारा कुठल्या बाजूचा, त्यावर शब्दाची चव ठरते. माहितीपत्रकात 'सर्वांना' पुरेसं आहे. वादाच्या लेखात 'सरसकट' खुशाल वापरा, आपण कुठल्या बाजूने तो उच्चारतो आहोत याचं भान ठेवून. 'सार्वत्रिक' सेमिनारला राहू द्या.

'गरजू'बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो शब्द पत्रकात दिसला तर काढा. 'गरजूंनाच मदत' या वाक्याशी भांडणं अवघड असतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते. पेन्शन क्रेडिटला पात्र असूनही न घेणारी सात लाखांहून जास्त कुटुंबं आहेत, असा तिथल्या सरकारचाच अंदाज होता. कुणाला माहीत नसतं, कुणाला शरम वाटते, कुणी लांबलचक अर्ज बघूनच हात टेकतो. २०२४च्या नियमात हे लोक गरजू असूनही बाहेर राहिले. श्रीमंतांना भत्ता कशाला, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण त्याचं उत्तर गरिबाकडून गरिबीचा पुरावा मागून शोधण्यापेक्षा श्रीमंताच्या करातून शोधलेलं बरं. नव्या पद्धतीतही खोट आहेच: ३५ हजारांच्या वर एक पौंड गेला की पूर्ण रक्कम परत, आणि हिशेब माणशी असल्याने चौतीस-चौतीस हजारांचं जोडपं सुटतं, छत्तीस हजारांची एकटी विधवा सापडते. तरी अर्जाच्या रांगेपेक्षा हे सुसह्य.

आणखी एक. 'पेन्शनर' लिहू नका. मराठीत पेन्शनर म्हणजे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. ब्रिटनमध्ये राज्य पेन्शनच्या वयाला पोचलेला कुणीही, मग त्याने आयुष्यभर दुकान का चालवलेलं असेना. तुमच्या पत्रकाची सुरुवात मी अशी करीन:

'राज्य पेन्शनचं वय झालेल्या सर्वांना हिवाळी इंधन भत्ता मिळतो. बहुतेकांना अर्ज करावा लागत नाही. तुमचं स्वतःचं करपात्र उत्पन्न वर्षाला ३५ हजार पौंडांहून जास्त असेल, तर ही रक्कम करातून परत घेतली जाईल. जोडीदाराचं उत्पन्न त्यात धरत नाहीत.'

'मीन्स-टेस्टेड' कुठेच आला नाही, आणि काही अडलंही नाही.