लेकीला ब्रिटनच्या संसदेत जायचंय, समलिंगी हक्कांसाठी

नमस्कार ताई,

तुम्ही हॅरोहून लिहिलंय की, लेक १७ वर्षांची आहे, ए-लेव्हल (आपल्याकडच्या बारावीसारखं) करतेय आणि उघडपणे गे असलेले लेबर पक्षाचे माजी खासदार ख्रिस स्मिथ यांच्यासारखं खासदार होऊन समलिंगी हक्कांचं काम करायचं म्हणतेय. यात पोट भरतं का आणि सुरुवात कुठून करायची, हे तुमचे प्रश्न.

पोट भरतं, पण निवडून आल्यावर. खासदाराचा पगार वर्षाला ९० हजार पौंडांच्या वर आहे. उमेदवाराला काहीच मिळत नाही, उलट ५०० पौंड अनामत भरायची आणि ५ टक्के मतं नाही पडली तर तीही गेली. नगरसेवकाला नुसता भत्ता. त्यामुळे दुसरी नोकरी हवीच.

स्मिथ १९७८ला लंडनच्या इझलिंग्टन भागाचे नगरसेवक झाले, १९७९ला एप्समहून संसदेच्या निवडणुकीत पडले, १९८३ला अवघ्या ३६३ मतांनी खासदार झाले. आपण गे आहोत हे त्यांनी १९८४ला रग्बी गावातल्या सभेत जाहीर केलं. आधी पक्षात बस्तान, मग हे धाडस; क्रम लेकीला दाखवा.

हौशी मंडळी अडतात ती कामकाजाच्या नियमांत. २०१६ला खासदार जॉन निकलसन यांचं खासगी विधेयक (सरकारने नव्हे, एकट्या खासदाराने मांडलेलं) होतं, जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या समलिंगी पुरुषांना माफी देण्याचं. अशी विधेयकं कुणी मांडायची याच्या सोडतीत त्यांचा पहिला नंबर लागला होता. शुक्रवारी अडीचला कामकाज संपतं आणि मंत्री तोवर बोलत राहिले. चर्चा थांबवून विधेयक मताला टाकायचं, तर त्या ठरावाला १०० मतं लागतात. पडली ५७, विरोधात शून्य. विधेयक तिथेच बारगळलं. शुक्रवारी खासदार मतदारसंघात असतात, त्यांना लंडनमध्ये थोपवून धरायला आठवडे आधी फोन फिरवावे लागतात. याउलट १९६७ला खासदार लिओ ॲब्स यांचं, पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळण्याचं विधेयक तरलं, कारण गृहमंत्री रॉय जेनकिन्स यांनी त्याला संसदेतला सरकारी कामाचा वेळ मिळवून दिला. ॲब्स पेशाने सॉलिसिटर, म्हणून कायद्याची पदवी मला सर्वांत उपयोगी वाटते.

आत्ता करण्यासारखं: तिला पटेल त्या पक्षाची सदस्य होऊ द्या (लेबरमध्ये १४व्या वर्षापासून होता येतं), वॉर्डात पत्रकं वाटू द्या. पदवीनंतर एखाद्या खासदाराच्या कार्यालयात केसवर्कची (मतदारांच्या तक्रारी सोडवण्याची) नोकरी बघावी. तिथे दिवसभर घरं, व्हिसा, बेनिफिट (सरकारी आर्थिक मदत) यांच्याच तक्रारी येतात. त्याचा कंटाळा आला तर हा पेशा तिचा नाही. तसं असेल तर हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा रस्ता आहेच.

पासपोर्टचं तुम्ही लिहिलेलं नाही. भारतीय असला तरी राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून १८व्या वर्षापासून ती उभी राहू शकते, फक्त कायमच्या वास्तव्याची परवानगी हवी.