पीएचडी करताना विद्यापीठात अर्धवेळ भाषा शिकवणं झेपतं का?
झेपतं. पण आठवड्याला ६ तास शिकवायचं म्हणजे ६ तासच जातील, हा हिशेब डोक्यातून काढा. भाषेच्या वर्गात खरा वेळ खातात त्या वह्या. २५ जणांचे निबंध, प्रत्येकी १० मिनिटं धरली तरी चार तासांच्या वर गेले. तीच ती विभक्तीची चूक सतराव्यांदा लाल करताना प्रबंधाचं अर्धवट राहिलेलं प्रकरण आठवतं आणि जीव खालीवर होतो. मी शेवटी चुकीखाली नुसती रेघ मारायला लागलो, दुरुस्ती त्यांनी करायची. त्यांचंही भलं झालं, माझंही.

होकार देण्याआधी शिष्यवृत्तीच्या अटी नीट वाचा. काहींत बाहेरच्या कामाच्या तासांवर मर्यादा असते, काहींत पगारी काम चालतच नाही. मार्गदर्शकांनाही आधीच सांगा, नंतर दुसऱ्याकडून कळलं की उगाच वाकडं येतं. एकाच पातळीच्या दोन तुकड्या मिळाल्या तर घ्याच, तयारी एकदाच करावी लागते. विद्यार्थ्यांचं लेखन संशोधनात वापरायचा मोह होईल, पण त्यासाठी त्यांची संमती आणि बहुतेक ठिकाणी नैतिकता समितीची परवानगी लागते. आणि प्रबंध लिहायच्या वर्षी नवा अभ्यासक्रम अंगावर घेऊ नका, कितीही गळ घातली तरी.