विकिपीडियावर प्रचालकाने माझा मजकूर उडवला आणि मलाच ब्लॉक केलं. दाद कुठे मागायची?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं. मराठी विकिपीडियावर तुमच्या घराण्याच्या लेखात तुम्ही कुलसंमेलनाच्या स्मरणिकेतून भर घातली. प्रचालकाने (जादा अधिकार असलेल्या सदस्याने) ती काढली, तुम्ही परत टाकली, असं एका दिवसात चारदा झालं आणि तुम्ही आठवडाभरासाठी ब्लॉक झालात. चर्चा पानावर कुणीतरी तुमची जात काढली. आणि आता भाऊबंदांच्या ग्रुपवर त्या प्रचालकाचं खरं नाव-गाव हुडकणं चाललंय.

ते हुडकणं आधी बंद करा, आजच. टोपणनावामागचा माणूस उघडा पाडणं ही तिथे फार गंभीर गोष्ट मानतात, कायमची बंदी येऊ शकते. फेब्रुवारी २०२५मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखावरून महाराष्ट्र सायबरने (राज्याच्या सायबर पोलिसांनी) विकिपीडियाला नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्यानंतर या बाबतीत संपादक जास्तच सावध झाले असतील तर नवल नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं असलं तरी नाव फोडल्यावर तुमच्या बाजूने कुणी बोलणार नाही.

आता दाद. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्यात. मजकूर राहावा की नाही हा एक वाद, आणि लोक तुमच्याशी कसे वागले हा दुसरा. दोन्ही एकाच पत्रात कोंबलं की वाचणारा सोपा भाग उचलतो: ‘स्मरणिका संदर्भ म्हणून चालत नाही.’ विषय संपला, जात काढणारा सुटला.

स्मरणिकेबाबत मात्र मी प्रचालकाच्या बाजूचा आहे. घराण्याने घराण्याबद्दल छापलेलं पुस्तक स्वतंत्र संदर्भ होत नाही. गॅझेटिअर, मराठी विश्वकोश, विद्यापीठाचा एखादा ग्रंथ यांत काही सापडतं का बघा. आणि उलटवाउलटवीत, म्हणजे एकमेकांचे बदल पुन्हा पुन्हा रद्द करण्यात, कोण बरोबर हे कुणी बघत नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर २४ तासांत एकाच लेखात तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की ब्लॉक बहुधा ठरलेलाच.

वागणुकीची बाजू तुमची भक्कम आहे. प्रचालकाला पान सुरक्षित करायचे, वगळायचे, ब्लॉक करायचे अधिकार असतात, पण मजकुराच्या वादात त्याचं मत इतर सदस्याएवढंच. ज्या वादात तो स्वतः उतरलाय तिथे त्याने ब्लॉकचं बटण दाबू नये, दुसऱ्या प्रचालकाला सांगावं, असा संकेत आहे. तेव्हा ‘इतिहास पहा’ उघडा. तिथे प्रत्येक बदल नाव आणि वेळेसकट पडलेला असतो. हवे ते दुवे उचला आणि एवढंच लिहा: ‘अमुक सदस्याने माझ्या जातीवरून लिहिलं, हा दुवा. ज्या प्रचालकाशी मजकुरावरून वाद चालू होता त्यांनीच मला ब्लॉक केलं, हा दुवा. दुसऱ्या प्रचालकांनी पाहावं.’ ‘हुकूमशाही’, ‘टोळी’, ‘इतिहासद्रोही’ हे शब्द नकोत. ब्लॉक असतानाही बहुधा स्वतःच्या चर्चा पानावर लिहिता येतं, तिथे लिहा. मुदत संपली की चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. मध्येच दुसरं खातं काढून आलात तर सॉकपपेट (एकाच माणसाचं छुपं दुसरं खातं) ठराल आणि सगळंच मुसळ केरात.

चावडीवर दाद लागली नाही तर? छोट्या विकिपीडियाची अडचण ही की प्रचालक मोजकेच, एकमेकांना ओळखणारे, आणि तक्रार ऐकणारेही तेच. क्रोएशियन विकिपीडियावर २०११ ते २०२० अशाच एका गटाची पकड होती. २०१३मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना तो वापरू नका म्हणून सांगितलं, तरी गट हलला नाही. मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक चर्चेच्या संकेतस्थळावर, सगळ्यांसमोर, दुव्यांनिशी चर्चा झाली तेव्हा कुठे २०२०मध्ये प्रमुख प्रचालकाला बाहेर काढलं गेलं. आता स्थानिक व्यवस्था कोलमडली तर जाता येईल अशी, सार्वत्रिक आचारसंहितेची (सगळ्या विकिपीडियांना लागू असलेल्या वागणुकीच्या नियमांची) निवडून आलेली एक समितीही २०२४पासून आहे. पण ती मजकुराचा निवाडा करत नाही, आणि खालची दारं न ठोठावता गेलात तर बहुधा परत पाठवेल. तुम्ही सांगितलेल्यावरून तुमचं प्रकरण तिथवर गेलेलं नाही.

ब्लॉक उठल्यावर पहिली नोंद लेखात नको, लेखाच्या चर्चा पानावर करा. नवा संदर्भ पान क्रमांकासकट द्या आणि आठ-दहा दिवस वाट बघा. उत्तर देणारी मंडळी नोकरी-धंदा सांभाळून फुकटात हे करतात, रविवारशिवाय फिरकतही नाहीत.