आधी पाणी, मग वाट

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला आराखडा मी दोनदा नीट वाचला. सह्याद्रीत बारीहून कळसूबाई, तिथून उतरून रतनवाडीमार्गे रतनगड, मग कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनईकडून हरिश्चंद्रगड आणि शेवटी तोलारखिंडीने खिरेश्वर, असा मार्ग तू फेब्रुवारीच्या अखेरीस, परीक्षा आटोपल्यावर, एकट्याने चार दिवसांत चालणार आहेस. मार्ग मनासारखा निवडला आहेस. मात्र सोबत जोडलेल्या पानभर प्रश्नांत सॅक कोणती, तंबू कोणता, बूट कोणते एवढेच आहे. पाण्याविषयी एक अक्षर नाही. ते पान मी बाजूला ठेवले आहे, कारण त्यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर पाणी ठरल्याशिवाय देता येत नाही.

नागपूरच्या माणसाने आधी सातपुडाच चालावा, असे तुला कोणीतरी सांगितल्यामुळे तू गोंधळला आहेस. ते मनातून काढून टाक. मेळघाट, पेंच, पचमढीच्या बाजूचा सातपुडा हे व्याघ्र प्रकल्पांचे प्रदेश आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीवाचून पाऊल टाकता येत नाही. एकट्याने दिवसचे दिवस पायी हिंडण्याची ती जागा नव्हे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच आहे, त्यामुळे नाक्यावर नोंद करावी लागेल आणि मुक्कामाचे नियम आधी विचारून घ्यावे लागतील, पण तिथल्या वाटा गावोगावच्या माणसांच्या रोजच्या पायाखालच्या आहेत. पहिल्या लांब वाटेसाठी तो मुलूख योग्य आहे.

आता मुख्य गोष्ट. वाट पाण्यावरून आखायची असते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात, गड बांधण्याआधी तिथले पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत, असे बजावले आहे. ज्यांच्या हाताशी शेकडो माणसे होती त्यांनी हा क्रम पाळला. तू तर एकटा आहेस. घाटमाथ्यावर नागपूरच्या कितीतरी पट पाऊस पडतो, म्हणून तिथे पाण्याची ददात नसेल असे तुला वाटत असणार. तो पाऊस बेसॉल्टच्या कठीण थरांवरून कोकणात आणि धरणांत वाहून जातो, मुरतो फार थोडा. दिवाळीत खळाळणारे ओढे होळीपर्यंत कोरडे धोंडे होतात. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या मुलाला उन्हाचा अभ्यास असतो हे मला मान्य आहे, पण आपल्याकडे चौकाचौकात पाणपोई असते. कात्राबाईच्या खिंडीत ती नाही.

म्हणून नकाशा समोर घेऊन सर्वांत आधी पाण्याच्या जागांवर खुणा कर. सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे चढउतार आणि ओढे-नाले दाखवणारा तपशीलवार नकाशा, वापर. तिच्यावर पाणी असलेला प्रवाह निळ्या रंगात आणि कोरडा पडणारा ओढा काळ्या रेषेत दाखवलेला असतो. ही काळी रेषा वाचता येणे फार मोलाचे आहे, कारण मोबाइलवरच्या बऱ्याच नकाशांत सगळेच ओढे निळे दिसतात आणि माणूस त्या निळ्या रेषेवर विसंबतो. मग एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतचे अंतर तासांत मोज. किलोमीटर डोंगरात फसवतात. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला हिशेब आजही चालतो: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला बारीतून आठशे मीटरांहून अधिक चढाई आहे, म्हणजे नुसत्या उंचीचाच वेळ दीड तासाच्या आसपास जातो. हा हिशेब हलक्या पाठीच्या, सरावलेल्या माणसाचा आहे. तू त्यात निम्मी भर घाल.

माझे एक जुने प्रकरण तुझ्या कानावर आले असेलच, कारण ते अजूनही सांगितले जाते. आम्ही रतनगडाहून कुमशेतकडे निघालो होतो. ज्या ओढ्यावर दुपारचे पाणी भरायचे ठरले होते, तो कोरडा निघाला. पुढे मिळेल, असे सोबतचे ज्येष्ठ म्हणत होते. मी नाही म्हणालो आणि रतनवाडीला परत फिरलो. ते पुढे गेले, संध्याकाळी सुखरूप कुमशेतला पोहोचले आणि मी घाबरट ठरलो. त्यांची सोबत तिथे कायमची तुटली, त्याचे वाईट मला आजही वाटते. परंतु त्यांना पाणी मिळाले म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही. माझ्याजवळ एक बाटली उरली होती, पुढचे पाणी माहीत नव्हते, मागचे माहीत होते. आजही मी मागेच फिरेन, आणि तूही फिरावेस.

रतनगडावर आणि हरिश्चंद्रगडावर कातळात कोरलेली टाकी आहेत, ती तुझा आधार. टाक्यापाशी गेलास की घाईने बाटली बुडवू नकोस. उन्हात उघडे असलेले टाके शेवाळाने हिरवे होते. कातळाच्या छताखाली खांब सोडून आत कोरलेल्या खांबटाक्यात ऊन शिरत नाही, म्हणून पाणी गार आणि नितळ राहते. काठावर पालथे पडून, लोट्याला दोरी बांधून आतल्या बाजूचे पाणी काढ, फडक्याच्या दुहेरी घडीतून गाळ आणि मग उकळ किंवा क्लोरीनचे थेंब टाक. गावात चौकशी करताना "पुढे पाणी आहे का?" असे विचारू नकोस, कारण पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. "आज सकाळी पाणी कुठून भरले?" असे विचार, आणि ते हंडा वाहणाऱ्या बाईला विचार.

एकट्या माणसाला दुसऱ्याच्या बाटलीचा आधार नसतो. पाय मुरगळला तर दोन तासांची वाट सहा तासांची होते आणि तेवढे तास तहान लागतच राहते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर हिशेबापेक्षा एक लिटर जास्त घे. एक लिटर म्हणजे एक किलो. चार लिटर पाणी उचलल्यावर पाठीवर काय उरते, त्यावरून सॅक आणि तंबू ठरतील. रामटेकच्या पायऱ्या तेवढ्या वजनाने चढून बघ.

फेब्रुवारी सोड. नोव्हेंबरात, दिवाळीनंतर जा. परीक्षेनंतरचा मोकळा वेळ ही तुझी सोय आहे, डोंगराची नव्हे. वर्ष वाया जाईल असे तू म्हणशील, जाऊ दे. एकट्याने जाण्यापासून मी तुला अडवत नाही, उलट तू जावेस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तिकीट काढण्याआधी मला एकच कागद पाठव. त्यावर चारही दिवसांची पाण्याची ठिकाणे, त्यांच्यामधले तास आणि प्रत्येक ठिकाण कोरडे निघाल्यास जवळचे दुसरे पाणी कोणते, एवढेच असू दे. रतनगड ते कुमशेत हा टप्पा सर्वांत आधी भर.

तुझा,
काका